खून सूपनंतर, खुनी गुलाबजामच्या आधी

आमच्या पहिल्या प्रयोगात खुनाचा सगळ्यात मोठा पुरावा एका वाक्यात होता. ते वाक्य काकूचं काम करणाऱ्या नटीनं अगदी स्वच्छ, खणखणीत म्हटलं आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडून गरम बटाटेवडे बाहेर आले. बारा टेबलं होती. बाराच्या बारा टेबलांनी भलत्याच माणसाला खुनी ठरवलं. शेवटी उलगडा झाल्यावर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुम्ही सांगितलंत कधी?" सांगितलं होतं. वड्यांनी ऐकू दिलं नाही.

प्रेक्षक टेबलाभोवती जेवतायत, नट त्यांच्यातच वावरतायत, मध्येच एक खून होतो आणि खुनी कोण हे जेवणाऱ्यांनीच शोधायचं, असा हा प्रकार. इंग्लंड-अमेरिकेत हॉटेलांतून तो चांगलाच रुळलेला आहे. आपल्याकडे सोसायटीची कोजागरी, ऑफिसची वार्षिक पार्टी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचं दिवाळी संमेलन, अशा ठिकाणी तो झकास जमतो, कारण माणसं एकमेकांना ओळखत असतात आणि जेवण तर असतंच. फक्त एक समजून घ्या. या नाटकात प्रमुख भूमिका जेवणाची असते, आपण लिहितो ती दुय्यम. हे ज्याला पटत नाही त्यानं सरळ दोन अंकी नाटक लिहावं आणि मध्यंतरात वडे द्यावेत.

आधी मेनू, मग कथानक

कागदावर पहिलं पात्र उतरवण्याआधी केटररला फोन करा. बुफे आहे, टेबलावर आणून देणार आहेत की पंगत आहे? सूप आहे का? गरम काय येणार आणि कितीच्या सुमाराला? ताटं कोण आणि कधी उचलणार? सिझलर असेल तर ती पाच मिनिटं सरळ सोडून द्या. त्या आवाजापुढे कुणाचाही मृत्यू टिकत नाही.

साठ-सत्तर माणसं आणि बुफे असेल तर माझी संध्याकाळ साधारण अशी बसते:

७:३० ते ८:०० पाहुणे येतात. पात्रं दारातच भेटतात, अत्तर लावतात, भांडतात.
८:०० ते ८:१५ पहिला प्रवेश. कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते कळतं.
८:१५ ते ८:३५ सूप आणि स्टार्टर. रंगमंच रिकामा, पात्रं टेबलांवर.
८:३५ ते ८:४५ खून.
८:४५ ते ९:२५ मुख्य जेवण. पंचनामा, टेबलावरच्या गप्पा, कागदी पुरावे.
९:२५ ते ९:४५ सगळ्यांसमोर चौकशी.
९:४५ मतपत्रिका, मग उलगडा, मग गोड.

बारकाईनं पाहा, समोर उभं राहून म्हणायचं नाटक यात जेमतेम पाऊण तास आहे. नवखा लेखक दोन तासांचं लिहून आणतो आणि मग तालमीत रडतो. हशा धरून मिनिटाला शंभर शब्द असा माझा हिशेब असतो, म्हणजे साडेचार हजार शब्दांत संपवायचं.

उलगडा गोडाच्या आधी का? एकदा गोड हातात पडलं की निम्मे लोक मनानं पार्किंगमध्ये पोचलेले असतात. आणि खून सूपच्या आधी केलात तर भुकेल्या माणसाला मेलेल्याशी काही देणंघेणं नसतं. पोटात काहीतरी जाऊ द्या, मग मारा.

पाहुण्यांना पाहुणेच राहू द्या

प्रेक्षकांना "तुम्ही १९३० सालच्या एका हवेलीत आहात" असं सांगितलंत की ती हवेली त्यांना रात्रभर डोक्यात वाहावी लागते. त्यापेक्षा असा प्रसंग निवडा जिथे जेवणारा माणूस मुळातच जेवणारा माणूस असतो. मी साखरपुडा घेतो. अर्धी टेबलं मुलाकडची, अर्धी मुलीकडची. दारातच ज्याच्या त्याच्या छातीवर लाल किंवा हिरवी फीत. बस्स, एका मिनिटात सत्तर माणसांना भूमिका मिळाली, आणि ती कशी करायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे एकदा सूप येण्याआधीच मुलाकडच्या टेबलांनी "आमच्याकडे पापड आले नाहीत" अशी तक्रार सुरू केली होती. त्यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं.

नवरा-नवरी ठेवू नका. ते ट्रॅफिकमध्ये अडकलेत आणि दर वीस मिनिटांनी कुणाला तरी फोन येतो की "आत्ता चांदणी चौकात आहेत." दोन नटांची बचत, शिवाय एक फुकटचा विनोद.

कोणाला मारायचं

असा माणूस मारा की ज्याच्या जाण्यानं कुणाचा घास अडकणार नाही. पोरका मुलगा, गरोदर बाई, प्रेमळ आजी, हे सगळे सुरक्षित ठेवा. माझा मयत म्हणजे मुलाचे बापूकाका. बापूकाकांना कार्यालय लांब वाटतं, सूप पातळ वाटतं, आहेराची साडी "मागच्या लग्नातली" वाटते. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी पाच जणांचा पाणउतारा करायचा. सूप संपेपर्यंत प्रेक्षकांतून कुणीतरी "ह्यांना कोणीतरी आवरा" असं पुटपुटलं पाहिजे. तसं झालं की समजा, पहिला प्रवेश जमला.

मारण्याच्या पद्धतीबद्दल एक पक्का नियम: जे लोकांच्या ताटात आहे त्यात विष घालू नका. "पनीरमध्ये काहीतरी होतं!" अशी किंकाळी मी एकदा लिहिली होती. पनीर तसंच परत गेलं आणि केटरर माझ्याशी पुढे बरेच दिवस बोलला नाही. पिस्तुलाचा आवाजही नको. आमच्या एका प्रयोगात नुसती किंकाळी ऐकून शेजारच्या हॉलमधल्या बारशाच्या मंडळींनी वॉचमनला धाडलं होतं. तेव्हापासून आजूबाजूच्या हॉलना आधी सांगून ठेवणं माझ्या यादीत आहे.

माझ्या साखरपुड्यातला खून ग्रुप फोटोत होतो. फोटोग्राफर पिंट्या सगळ्यांना उभं करतो, बापूकाकांना मधल्या खुर्चीवर बसवतो, म्हणतो, "टायमर लावतोय, मीही येतो फोटोत. दहा सेकंद कोणी हलू नका!" सगळे दात काढून गोठतात. दहा सेकंद. पंधरा. कुणीच हलत नाही, कारण हलू नका म्हणून सांगितलंय. विहीणबाई ओठ न हलवता विचारतात, "झालं का?" शेवटी सगळे सुटतात आणि बापूकाका तेवढे तसेच हसत बसलेले राहतात. पाठीत गजरा ओवायची सुई. हा प्रसंग जमला तर रात्र जमली. त्या स्तब्ध दहा सेकंदांत हॉल पूर्ण शांत होतो आणि जेवणाच्या कार्यक्रमात शांतता एवढ्या एकाच युक्तीनं मिळते.

हो, प्रेक्षकांत डॉक्टर असतोच. तो उठून नाडी बघायला येतो. त्याच्या आधी तुमचं पात्र पोचलं पाहिजे. आमच्या भटजींचं वाक्य ठरलेलं आहे: "गेले. मुहूर्त मात्र चांगला साधला."

पाच संशयित, पाच लपवाछपव्या

पाचाच्या वर संशयित ठेवू नका. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून नावापेक्षा काम ठळक असू द्या: केटरर, फोटोग्राफर, भटजी, विहीणबाई, काकू. प्रत्येकाचं काकांशी वैर हवं, हे सगळेच सांगतात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाकडे लपवायचं काहीतरी हवं आणि त्याचा खुनाशी संबंध नसावा. केटररनं दोनशे गुलाबजामांचे पैसे घेऊन एकशे साठच आणलेत. भटजींनी एकाच मुहूर्तावर दोन साखरपुडे धरलेत, म्हणून सारखे घड्याळ बघतात. विहीणबाईंनी दिलेली साडी खरंच मागच्या लग्नातली आहे. काकू सगळ्यात शांत, म्हणून सगळ्यात संशयास्पद: "चाळीस वर्षं ह्यांचं बोलणं ऐकलंय हो. आज पहिल्यांदा डावा कान मोकळा वाटतोय."

निर्दोष माणूस जेव्हा गुलाबजाम लपवताना खुन्यासारखा घाम पुसतो, तेव्हा हसूही येतं आणि माग काढणारा भलत्या वाटेलाही लागतो. विनोदी लिखाणातला निम्मा भार या फालतू गुपितांवर टाका.

पुरावा हशाच्या पोटात

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. रहस्य सुटण्यासारखं हवं. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकानं रहस्यकथेसाठी दहा नियम लिहून ठेवले. त्यांतला एक असा की गुप्तहेराला मिळालेला पुरावा वाचकालाही मिळालाच पाहिजे. जेवणाच्या टेबलावर हा नियम दुप्पट कडक होतो. "मिळाला" म्हणजे ऐकू आला. नुसता म्हटला गेला म्हणजे मिळाला नव्हे.

पुराव्याचं वाक्य गंभीरपणे म्हटलंत तर ते ट्यूबलाइटसारखं दिसतं. उदाहरणार्थ, आमचा खुनी पिंट्या. तो खोटं बोलतोय हे दाखवायचंय: तो काकांना आधीपासून ओळखतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात भटजी म्हणत होते, "पिंट्या, तू तर काकांच्या घरच्या मुंजीला होतास ना?" झालं. सत्तर माणसांनी एकदम पेन काढली.

आता दुसरा खर्डा. पहिल्या प्रवेशात पिंट्या काकूंना सांगतो: "काकांना मी आज पहिल्यांदाच बघतोय हो. जरा हसायला सांगा, फोटोत उधारी मागायला आल्यासारखे दिसतायत." हसू उधारीला येतं, "पहिल्यांदाच" हा शब्द त्याखाली सरकून जातो. तासाभरानं चौकशीत इन्स्पेक्टर विचारतो, काकांचा एकही धड फोटो कसा नाही? पिंट्या उसळतो:

"साहेब, हा माणूस डायबेटिसवाला! पेढा दिसला की बायकोकडे पाठ, कॅमेऱ्याकडे पाठ! मुंजीत पाठ, डोहाळजेवणाला पाठ, बारशाला पाठ. माझ्याकडे ह्यांच्या पाठीचा अख्खा अल्बम आहे!"

लोक खदाखदा हसतात. पुरावा त्यांच्या तोंडावर फेकलेला असतो. आज पहिल्यांदा बघणाऱ्याकडे मुंज, डोहाळजेवण आणि बारशाचा अल्बम आला कुठून? हसता हसता एखाद्या टेबलावर कुणाचा तरी चमचा थांबतो. तो थांबलेला चमचा बघण्यासाठीच मी हे सगळं लिहितो.

यात एक तांत्रिक खुबी आहे. हशा पिकवणारा शब्द अगदी शेवटी ठेवा, पुरावा त्याच्या आधी. पुरावा हशाच्या नंतर आला तर तो हशात बुडतो. आणि हशानंतरच्या दोन सेकंदांत कोणत्याही पात्रानं कामाचं बोलायचं नाही, फक्त तोंडं करायची.

तरीही कानावर भरवसा ठेवू नका. एकच निष्कर्ष तीन वाटांनी पोचवा. एक कानाला: वरची दोन वाक्यं. एक डोळ्याला: मुख्य जेवणाच्या वेळी प्रत्येक टेबलावर ग्रुप फोटोची छापील प्रत द्यायची. पिंट्या म्हणतो, "टायमर लवकर वाजला, मी पोचलोच नाही," पण नीट पाहिलं तर काकांच्या खुर्चीमागून कॅमेऱ्याचा लाल पट्टा डोकावतोय. (हा फोटो रंगीत तालमीला, त्याच कपड्यांत काढून ठेवावा लागतो. आमच्या केटररच्या नटानं प्रयोगाच्या दिवशी मिशी काढली आणि मतपत्रिकांवर पाच टेबलांनी "मिशी गायब, तोच खुनी" असं लिहिलं.) एक वाचायला: काकांच्या पानाच्या डब्यात सापडलेली चुरगळलेली पावती, "अल्बम, बाकी रु. १८,५००". तिघांपैकी एक पकडला तर संशय यावा, दोन पकडले तर खात्री व्हावी.

पावतीच्या प्रती टेबलागणिक करा. एकच प्रत फिरवली तर ती तिसऱ्या टेबलावर कोशिंबिरीत पडते.

किती लिहायचं, किती सोडायचं

रंगमंचावरचे प्रवेश शब्दन् शब्द लिहा. टेबलावरच्या गप्पा लिहूच नका. तिथे दशावताराची पद्धत कामाला येते. कोकणातल्या दशावतारी नटांना कथानक ठाऊक असतं, कोणी कधी यायचं हे ठरलेलं असतं आणि संवाद ते उभ्या उभ्या रचतात. तमाशातल्या बतावणीतला सोंगाड्या तर समोरच्या माणसाचा फेटा बघून विनोद करतो. आपल्या मातीतच हे आहे, त्यासाठी परदेशी कार्यशाळा करायची गरज नाही. दशावतारी नट मात्र वर्षानुवर्षं तेच करत आलेला असतो आणि आपला नट दिवसभर बँकेत बसून आलेला असतो. म्हणून त्याला एक कार्ड द्या. माझ्या कार्डावर चारच गोष्टी असतात:

मी कोण आणि काकांनी आज माझा काय अपमान केला.
मी काय लपवतोय (आणि ते किती दाबून विचारल्यावर कबूल करायचं).
मी दुसऱ्या कोणाबद्दल काय पाहिलं: प्रत्येक टेबलाला ही एक गोष्ट सांगायचीच.
मी कधीच म्हणायचं नाही असं एक वाक्य.

चौथी ओळ विसरू नका. भटजींच्या नटानं एकदा टेबलावर रंगात येऊन "तेव्हा मी बाहेर फोनवर होतो" असं ठोकून दिलं. फोटोत ते मधोमध उभे. मग चौकशीत इन्स्पेक्टरला दहा मिनिटं ते निस्तरावं लागलं. खुनी सोडून कोणालाही वेळ आणि जागा याबद्दल खोटं बोलायची परवानगी नाही, हे कार्डावर ठळक लिहा. गुलाबजामांबद्दल वाट्टेल ते बोला.

बुफेची रांग म्हणजे फुकटचा रंगमंच. संशयितांना तिथे उभं करा. विहीणबाई भाताच्या पातेल्यापाशी उभ्या राहून "मी काही बोलत नाही, पण केटररची सुरी बघा" असं कुजबुजल्या की रांग पुढे सरकायचं विसरते. पंगत असेल तर त्याहून बरं. हवालदाराला वाढपी करा. आपल्याकडे आग्रह करणाऱ्याला कोणी उठवत नाही, त्यामुळे "अजून एक जिलबी घ्या, नाहीतर सांगा रात्री पावणेनऊला कुठे होतात" अशी चौकशी घरच्यासारखी चालते.

पंचनामा

मध्येच गोष्ट पुन्हा सांगावी लागते. निम्मे लोक हात धुवायला गेलेले असतात, उशिरा आलेले असतात, लहान मुलाला भरवत असतात. पण "आतापर्यंत काय झालं" असं कोणी सांगायला लागलं की बाकीचे कंटाळतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे पंचनामा. हवालदार सरकारी मराठीत मोठ्यानं वाचतो:

"सदर इसम नामे बापूकाका, वय वर्षे पासष्ट, हे मधल्या खुर्चीवर बसून हसत असलेल्या मयत स्थितीत मिळून आले. मयताच्या डाव्या हातात अर्धा वडा मिळून आला, तो जागीच जप्त करून हवालदार यांनी खाल्ला. घटनेच्या वेळी उपस्थित सर्व इसम कॅमेऱ्याकडे पाहून हसत असल्याने कोणीही काहीही पाहिलेले नाही."

माहिती तीच, पण लोक पुन्हा मागतात. शिवाय पंचनाम्याला दोन पंच लागतात, ते प्रेक्षकांतून घ्या. दर कार्यक्रमात एक गृहस्थ असतात जे दुसऱ्या पेयानंतर नटांची वाक्यं आधीच ओरडू लागतात. त्यांना पंच करा, सही घ्या आणि "पंचांनी निकालापर्यंत मत देऊ नये" अशी अट वाचून दाखवा. पद मिळालं की माणूस गप्प बसतो.

लाजाळू माणसाला मात्र ओढून उभं करू नका. जो तुमच्या नजरेला नजर देतो त्यालाच बोलवा. ताटाकडे बघणारा माणूस ताटाकडेच बघत राहू दे. वजन, रंग, जात, लग्न न झालेली मुलगी, यांवरचे विनोद तर नकोतच. तुमचा प्रेक्षक अंधारात बसलेला नाही, सगळे त्याचा चेहरा बघतायत.

खुनी ठरलेला की मतावर?

दोन्ही प्रकार चालतात. चार्ल्स डिकन्स १८७० साली एक रहस्यकादंबरी अर्धी ठेवून वारला. तिच्यावर १९८५ साली ब्रॉडवेला आलेल्या संगीतनाटकात खुनी कोण हे प्रेक्षकांच्या मतानं ठरायचं. बॉस्टनमध्ये १९८० साली सुरू झालेलं, केशकर्तनालयात घडणारं एक खूननाट्य चाळीस वर्षं एकाच नाट्यगृहात चाललं. त्यातही प्रेक्षक प्रश्न विचारतात, मत देतात आणि शेवट बदलतो. मूळ नाटक जर्मन, पॉल पोर्टनरचं.

नवख्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. पाच शेवट लिहायचे म्हणजे प्रत्येक पुरावा पाचही जणांकडे वळेल इतका ढिला ठेवायचा. मग लाल पट्ट्यासारखी मजा उरत नाही. खुनी पक्का ठेवा आणि मताचा उपयोग दुसरीकडे करा: ज्याला सगळ्यात जास्त चुकीची मतं मिळाली त्याला आधी बेड्या घाला. चार निर्दोष संशयितांसाठी चार छोटे उद्रेक लिहून ठेवा, अर्ध्या मिनिटाचे. केटरर ढसाढसा रडत कबूल करतो, "हो, एकशे साठच आणलेत!" आणि लोक खुनापेक्षा गुलाबजामांवर जास्त चिडतात. मग खरा उलगडा.

मतपत्रिकेवर दोनच प्रश्न: कोण, आणि कशावरून? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं इन्स्पेक्टरनं वाचून दाखवायची. याच्याइतका विनोदी मजकूर आपल्याला लिहिता येत नाही. बक्षीस सगळ्यात अचूक उत्तराला एक आणि सगळ्यात अचाट उत्तराला एक.

इन्स्पेक्टर कोणी करायचा? बापूकाकांच्याच नटानं, मिशी लावून. मयत एकदा ट्रॉलीवर चादर टाकून आत नेला की तो नट मोकळाच असतो. फक्त लोकांना चेहरा ओळखू येणारच, म्हणून आल्या आल्या काकूंनी म्हणायचं, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," आणि त्यानं म्हणायचं, "मॅडम, बजेट कमी आहे, चौकशीला सहकार्य करा." हे वाक्य मी पहिल्या वेळी लिहिलं नव्हतं. एका टेबलानं "बापूकाका मेलेच नाहीत, तेच इन्स्पेक्टर आहेत, विम्याचे पैसे" अशी दोन पानं भरून दिली. नॉक्सच्या नियमांत जुळ्या भावांबद्दलही ताकीद आहे, ती उगाच नाही.

उरलेली कामं

एक तालीम जेवत करा. खरोखर जेवत. चार मित्रांना बोलवा, पिठलं-भाकरी वाढा आणि नटांना त्यांच्यामध्ये फिरू द्या. कोणतं वाक्य कांद्याच्या कुरकुरीत बुडतं ते तिथे कळतं. नंतर मित्रांना "आवडलं का" असं विचारू नका. "काय काय आठवतंय" ते विचारा. तिघांना लाल पट्टा आठवला तर पट्टा फार लाल आहे, कोणालाच आठवला नाही तर फोटो मोठा छापा.

गच्चीवर किंवा लॉनवर करणार असाल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा उलगडा त्याच्या आत संपवा. महाराष्ट्रात तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. पोलिसांचा हुबेहूब गणवेश टाळा. खाकी टोपी आणि शिट्टी एवढ्यात काम भागतं, शिवाय जास्त विनोदी दिसतं.

आणि नटांची ताटं. सात माणसं दोन तास जेवणाऱ्यांमध्ये फिरणार, वास घेणार आणि खाणार काहीच नाहीत. केटररला आधीच सांगून सात ताटं वेगळी झाकून ठेवा, गुलाबजामासकट. आमच्या पहिल्या प्रयोगानंतर स्वयंपाकघरात फक्त काकडीची कोशिंबीर उरली होती आणि बापूकाका मिशी न काढता उभ्या उभ्या पातेल्यातूनच ती खात होते.